तीनशे बारा ओळींची साफसफाई

"हार आधी घालू, की मशीन आधी बघताय?" आवटीबाईंनी मला पायरीवरच विचारलं.

"हार कशाला, बाई?" असं म्हणून मी मान पुढे केली.

बारा-तेरा वर्षं झाली या गोष्टीला. जानेवारी महिना होता. मिरजेच्या पुढे तासाभरावर, कर्नाटकच्या हद्दीला चिकटून असलेल्या एका गावात दृष्टिहीन मुलांची निवासी शाळा होती, आणि शकुंतला आवटी तिच्या मुख्याध्यापिका. मी पुण्याहून गळ्यात कॅमेरा अडकवून त्यांची यशोगाथा आणायला गेलो होतो. यश अर्थातच आमचं. गाथेपुरते ते.

आम्ही म्हणजे 'आरंभ'वाले. आरंभ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. कोणीही घ्यावी, कोणीही वापरावी, कोणीही उघडून आत काय आहे ते बघावं. पुणे, बंगळूर, कोची आणि कुठकुठले दोन-अडीचशे लोक पगार न घेता ती बनवत होते. आम्ही पैसे घेत नव्हतो, त्यामुळे आम्हाला कोणाचं ऐकून घ्यायची गरज वाटत नव्हती. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि छपाईचा सगळा विभाग माझ्याकडे होता. कुठल्याही संगणकावरून कुठल्याही प्रिंटरवर कागद निघाला, तर तो माझ्या परवानगीने निघतो अशी माझी समजूत होती.

पाचवी आवृत्ती नुकतीच आली होती. तिच्यात मी केलेल्या एका कामाचं फार कौतुक झालं होतं. जुने प्रोग्रॅम प्रिंटरशी जुन्या पद्धतीने बोलतात. नव्या सिस्टिमला ती भाषा कळत नाही. म्हणून मध्ये एक छोटा दुभाषी प्रोग्रॅम बसवलेला होता, तीनशे बारा ओळींचा. कोणीतरी कधीतरी लिहिलेला, दिसायला गबाळा. मी तो काढून टाकला. "हे आता कोणीही वापरत नाही," असं खाली लिहिलं. कोणी वापरतं का, हे कोणाला विचारलं नव्हतं. सगळ्यांनी "छान साफसफाई" म्हणून पाठ थोपटली. आरंभवाल्यांच्या संमेलनात त्याच विषयावर माझं भाषण ठरलं होतं, आणि भाषणामागे लावायला एक भावस्पर्शी फोटो हवा होता. अंध शाळा आरंभ वापरते हे कोणाला तरी कळलं, आणि मला पाठवण्यात आलं.

बाईंनी हार घातला, नारळ दिला, आणि मला एका लांबट खोलीत नेलं. तिथे खिडकीशी एक माणूस बसला होता. पन्नाशीचा, पांढरा सदरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या.

"हे आमचे मगदूम सर. ब्रेल छपाई हेच बघतात. सर, हे पुण्याहून आले, खांबेटे साहेब. सिस्टिम बनवणारे."

"बनवणारे? या, या," मगदूम म्हणाले आणि आवाजाच्या दिशेने उभे राहिले. ते स्वतः जन्मापासून दृष्टिहीन होते. "सरळ तीन पावलं, मग उजवीकडे स्टूल आहे. आणि डोकं सांभाळा, वर मांडणी आहे."

डोळस असूनही मी मांडणीवर डोकं आपटलंच.

टेबलावर संगणक होता आणि शेजारी ब्रेलचा प्रिंटर. एखाद्या जुन्या शिलाई मशीनच्या पेटीएवढा, करडा, जाडजूड. हा शाई वापरत नाही, जाड कागदावर ठिपके उठवतो. मला तो फोटोच्या दृष्टीने आवडला.

"चालू करा ना," मी म्हणालो.

"ते बंद आहे," मगदूम म्हणाले.

"कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून."

मी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुमचं पत्र आलं, यशोगाथा हवी म्हणून. मी हो म्हणून कळवलं. बिघडलंय असं कळवलं असतं तर तुम्ही आला असतात का?"

खरं सांगायचं तर नसतो आलो. पण मी त्या वेळी जे केलं ते आज आठवलं तरी मान खाली जाते. मी म्हणालो, "हरकत नाही. बंद असलं तरी चालेल. फोटोत आवाज येत नाही."

मग मी मगदूमांना मशीनसमोर बसवलं. आधी छापलेला एक कागद त्यात सरकवला. "हात कागदावर ठेवा. असा. बोटं पसरा. आता जरा हसा."

"कशाबद्दल हसू?" त्यांनी विचारलं.

"छपाई होतेय म्हणून."

"बरं," ते म्हणाले, आणि हसले. फोटो सुरेख आला. मी लगेच लॅपटॉपवरून तो पुण्याला पाठवूनसुद्धा दिला.

सगळा वेळ बाहेरच्या व्हरांड्यातून एक आवाज येत होता. टुक टुक टुक टुक. बऱ्याच टाचण्या एकदम काहीतरी टोचताहेत असा.

"ते काय चाललंय?"

"दहावीची मुलं," बाई म्हणाल्या. "या वर्षी शास्त्राचं पुस्तक बदललं. नवीन पुस्तक ब्रेलमध्ये कुठून मिळेना, म्हणून सरांनी इथेच छापायला घेतलं. पाच धडे झाले आणि मशीन बंद पडलं. आता उरलेले धडे हाताने चाललेत. एक जण वाचून दाखवतो, अकरा मुलं पाटी आणि टोचणी घेऊन लिहितात. उजवीकडून डावीकडे, उलटं. एकेक ठिपका."

"परीक्षा?"

"मार्चमध्ये. प्रकाशाचं परावर्तन अर्ध्यात आलंय."

मला प्रथमच जरा अस्वस्थ वाटलं. पण मी फार वेळ अस्वस्थ राहणाऱ्यांपैकी नव्हतो. स्टूल ओढून म्हणालो, "बघू द्या. पाच मिनिटांचं काम असेल."

मगदूमांनी एक प्रोग्रॅम सुरू केला. विजापूरच्या एका प्राध्यापकांनी फार पूर्वी या शाळेसाठी लिहून दिलेला. मराठी मजकुराचे ठिपके करायचे आणि मशीनकडे पाठवायचे, एवढंच त्याचं काम. प्राध्यापक वारले. प्रोग्रॅमचं मूळ लिखाण त्यांच्या घरच्यांना सापडलं नाही. चालणारा प्रोग्रॅम तेवढा उरला, त्यात बदल करणं आता कोणाच्या हातात नव्हतं. पण बारा वर्षं तो बिनतक्रार चालला होता.

पडद्यावर एक ओळ उमटली. मी ती वाचली, "अरेच्चा" म्हणालो आणि गप्प झालो.

प्रोग्रॅम मी काढून टाकलेल्या दुभाष्याला हाका मारत होता.

मी पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा तीच ओळ. इकडे तिकडे चार फायली उघडल्या, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. नुसता टाइप करत राहिलो. टाइप करणारा माणूस काहीतरी करतोय असं लोकांना वाटतं.

"काय झालंय?" बाईंनी विचारलं.

"आवृत्तीचा प्रश्न आहे," मी म्हणालो. आमच्यात हे वाक्य डॉक्टर 'व्हायरल आहे' म्हणतात तसं वापरतात.

"जुन्या आवृत्तीवर परत जावं म्हटलं," मगदूम म्हणाले, "तर ती तुमच्याकडून मिळेना. काढून टाकलीय."

हो, काढून टाकली होती. लोकांना मागे जायचा मोह होऊ नये म्हणून.

"मुळात नवीन घेतलीत कशाला?" माझा आवाज उगाच चढला.

"मी कुठं घेत होतो? वाचून दाखवणारा आवाज मधेच खरखरायचा. तेवढंच तुमच्या ई-मेलच्या यादीवर विचारलं होतं. उत्तर आलं, आधी नवीन आवृत्ती घ्या, मग तक्रार करा. घेतली. खरखर गेली आणि छपाईही गेली. मग पुन्हा लिहिलं." त्यांनी कळफलक पुढे ओढला. "त्यालाही उत्तर आलं. ऐकायचंय?"

मी नको म्हणायच्या आत त्यांनी कळा दाबल्या होत्या. दृष्टिहीन लोक पडद्यावरचा मजकूर यंत्राच्या आवाजात ऐकतात, आणि इतक्या वेगाने की आपल्याला नुसतं बुडबुड ऐकू येतं. मगदूमांनी माझ्यासाठी वेग कमी केला. आमच्या यादीवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या त्या पत्रव्यवहारात, इंग्रजी चाले. यंत्राने सपाट, विलायती आवाजात सुरुवात केली, "फ्रॉम, शार्डल खॅमबीट."

मी शार्दूल खांबेटे.

"हा कोण फिरंगी?" बाईंनी विचारलं.

"असेल कोणी बाहेरचा," मगदूम म्हणाले. "बाई, मी मराठीत सांगत जातो. साहेबांना येतंच इंग्रजी." यंत्र एक वाक्य बोले, ते थांबवून मगदूम अर्थ सांगत. "म्हणतात, तुमचा प्रिंटर माझ्या वयाचा दिसतो. म्हणतात, त्याला संग्रहालयात ठेवा आणि तिकीट लावा. म्हणतात, जगातल्या शेवटच्या माणसासाठी आम्ही सिस्टिम घाण ठेवणार नाही. संपलं. आता पुढे सतरा जणांची पत्रं आहेत."

"ते काय म्हणतात?"

"ते हसतात." त्यांनी कळ दाबली. हसरा चेहरा यंत्राला ओळखता येत नव्हता, ते एकेक चिन्ह वाचत होतं. "कोलन, डॅश, राइट पॅरन. कोलन, डॅश, राइट पॅरन. कोलन, डॅश..."

सतराही ऐकवले. माझं लक्ष नारळाकडे होतं.

"काय माणसं असतात," बाई म्हणाल्या. "याच्या घरी कोणी म्हातारं नसेल?"

इथे बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "काही लोक असतात तसे." मग लॅपटॉप उघडला आणि खाली मान घालून कामाला लागलो.

ओळी परत आणणं अवघड नव्हतं. आमच्याकडे काढलेलं सगळं जपून ठेवलेलं असतं, कोणी काढलं त्याच्या नावासकट. मी माझ्या नावाखालून तीनशे बारा ओळी उचलल्या, नव्या आवृत्तीत बसवल्या. त्या बसेनात. मी नुसता दुभाषी काढला नव्हता, त्याची खुर्चीही मोडली होती. दुपारी बाईंनी भाकरी आणि वांग्याची भाजी पाठवली. मगदूम शेजारी बसून राहिले. मी मधूनमधून विचारत होतो, ते नेमकं उत्तर देत होते.

एकदा मी विचारलं, "पत्रात शाळेचं का नाही लिहिलंत? नुसतं 'आमचा प्रिंटर' लिहिलंत. अंध मुलांची शाळा म्हटलं असतं तर..."

"तर त्या खॅमबीटनं दया केली असती," ते म्हणाले. "दया आमच्याकडे भरपूर येते. पंधरा ऑगस्टला तर ठेवायला जागा नसते. मला चूक दुरुस्त करून हवी होती."

साडेतीनला मी म्हणालो, "सोडा आता छापायला."

मगदूमांनी कळ दाबली. क्षणभर काही नाही. मग मशीनने एक हुंकार दिला आणि सुरू झालं. खडखडाट असा, की खिडकीची काच थरथरायला लागली. व्हरांड्यातलं टुकटुक एकदम थांबलं. मग पावलांचा आवाज, आणि अकराच्या अकरा मुलं दारात. आत यायची परवानगी कोणी मागितली नाही. पहिला कागद बाहेर पडायच्या आत त्याच्यावर पाच-सहा हात होते. एका मुलीने बोट फिरवलं आणि मोठ्याने वाचलं, "अंतर्वक्र आरसा." पोरं अशी ओरडली, जणू आरसा त्यांनीच शोधला होता.

बाई पदराने डोळे पुसत बाहेर गेल्या. मीही लॅपटॉप बंद करायला घेतला. मला आता तिथून पळायचं होतं.

"साहेब," मगदूम म्हणाले, "पुढची आवृत्ती आली की?"

"घेऊ नका."

"आपोआप येते. तुम्हीच तशी सोय केलीय."

"मग... पुन्हा बंद पडेल."

"म्हणजे तुमच्याकडच्या मूळ सिस्टिममध्ये परत घालायला पाहिजे. यादीवर लिहायला लागेल ना? इथंच लिहा की. मी ऐकतो."

मी लिहिलं. फार विचारपूर्वक लिहिलं. "असे निदर्शनास आले आहे की काही वापरकर्त्यांना एका बदलामुळे किंचित गैरसोय झाली असावी. सबब सदर भाग पुन्हा समाविष्ट करण्याचा विचार व्हावा," अशा धाटणीचं इंग्रजी. मगदूमांनी यंत्राकडून ते वाचून घेतलं. एकदा भरभर, एकदा सावकाश.

"यात कोणी काढलं ते नाही," ते म्हणाले.

मुलं कागद घेऊन गेली होती. मशीन पुढचं पान काढत होतं. मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"नावावरून नाही. खॅमबीट म्हणजे खांबेटे, हे माझ्याही लक्षात नव्हतं आलं. पण तुम्ही 'अरेच्चा' म्हणालात आणि अर्धा तास गप्प राहिलात. या खोलीत आजवर सहा जण येऊन गेले दुरुस्तीला. मोटारचा मेकॅनिक घ्या, नाहीतर कॉम्प्युटरवाला घ्या, आधीच्या माणसाला शिव्या घातल्याशिवाय कामाला हात लावत नाही. कुठल्या गाढवानं हे केलंय, असं म्हणूनच सुरुवात होते. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत." ते थोडे हसले. फोटोतल्यासारखं नव्हे. "मग पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, बघू बोलतोय का."

"आवटीबाईंना सांगू नका," एवढंच तोंडातून निघालं. सव्वीस वर्षांचा, दोन-अडीचशे लोकांत नाव असलेला मी, आणि मागितलं काय, तर हे.

"नाही सांगत. पण पत्र नीट लिहा."

मग मी नीट लिहिलं. चार वाक्यं. हा भाग मी काढला. कोणी वापरतं का, ते विचारलं नाही. ज्यांनी कळवलं त्यांची मी थट्टा केली. आज परत घालत आहे. लिहायला वीस मिनिटं लागली.

मगदूमांनी ऐकलं. "आता पाठवा," म्हणाले.

यादीवर साठ-सत्तर पत्रं आली. ज्यांनी "छान साफसफाई" म्हटलं होतं, त्यांना आता हे आधीपासूनच धोक्याचं वाटत होतं म्हणे. हसरे चेहरे पाठवणाऱ्या सतरांपैकी एकाने, आता खांबेट्यांनाच तिकीट लावा, असं सुचवलं, आणि तेच सगळे पुन्हा हसले. मागच्या वेळी ते चेहरे मी आनंदाने मोजले होते, या वेळी मोजले नाहीत. ओळी महिन्याभरात परत आल्या. माझं भाषण रद्द झालं. फोटो मात्र रद्द झाला नाही, कारण मोठा करून छापून आला होता. संमेलनाच्या दारात बंद मशीनवर हात ठेवून हसणारे मगदूम दोन दिवस उभे होते, खाली लिहिलं होतं, 'आरंभ: सर्वांसाठी'. आयोजकांना मी सांगितलं, हे खोटं आहे. ते म्हणाले, "पण आता चालू झालंय ना? मग खरंच आहे."

दहावीचे अकराही जण पास झाले. एकीला शास्त्रात एक्क्याण्णव. बाईंनी पेढ्यांचा डबा पाठवला, आत चिठ्ठी, "त्या फिरंग्यालाही द्या." मगदूमांनी शब्द पाळला होता, किंवा पाळला नव्हता. मी विचारलं नाही.

सहा वर्षांनी एका सकाळी मगदूमांचा फोन आला. शाळेला नवीन ब्रेल प्रिंटर मिळाला होता, नव्या प्रोग्रॅमसकट. "तुमचा दुभाषी आमच्यासाठी ठेवू नका आता," ते म्हणाले. "मी निवृत्त झालो, त्यालाही करा."

मला बरं वाटलं. या वेळी मी रीतसर वागायचं ठरवलं. यादीवर लिहिलं, हा भाग काढायचा विचार आहे, कोणी वापरत असेल तर सहा महिन्यांत कळवा, कोणीही हसणार नाही. मला वाटलं, एकही उत्तर येणार नाही.

सव्वीस आली. बियाणं तपासणारी एक प्रयोगशाळा. दोन छोटे छापखाने. जनावरांचा एक दवाखाना. वेंगुर्ल्याकडचा बर्फाचा एक कारखाना. सगळ्यांकडे कुठलं ना कुठलं जुनं मशीन होतं, मेलेल्या किंवा परदेशी गेलेल्या कोणीतरी लिहिलेला जुना प्रोग्रॅम होता, आणि मध्ये तो दुभाषी. जगातला शेवटचा माणूस असे सव्वीस ठिकाणी बसला होता.

म्हणजे मी ओळी काढल्या तेव्हाही हे सगळे होते. त्या चार महिन्यांत एकट्या मगदूमांनी पत्र लिहिलं होतं. बाकीच्यांनी का नाही? मी बर्फाच्या कारखान्याचा नंबर फिरवला. मालकीणबाईंनी उचलला, नूतन मांजरेकर.

"मी आरंभच्या यादीवरून बोलतोय. तुमचं उत्तर मिळालं. एक विचारायचं होतं. सहा वर्षांपूर्वी हे काही महिने बंद पडलं होतं..."

"पडलं होतं तर! होड्यांच्या पावत्या हातानं लिहिल्या आम्ही. बर्फ वितळतोय आणि मी लिहितेय."

"मग तेव्हा कळवलं का नाही?"

"कळवायलाच आले होते यादीवर," त्या म्हणाल्या. "माझ्या आधी कोणा मगदूमांनी कळवलेलं दिसलं. त्यांना जे उत्तर दिलं होतं ते वाचलं. त्याखालची ती हसणारी तोंडं बघितली. आणि बंद करून टाकलं. कशाला शोभा करून घ्या?"

मी ती जुनी पत्रं पडद्यावर उघडली.

"तो माणूस आहे का हो अजून तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "मीच बोलतोय."

पलीकडे बर्फ फोडल्याचा आवाज येत होता. कोणीतरी गाडी मागे घ्यायला सांगत होतं.

"मग त्या ओळी काढणार नाही ना आता?" त्या म्हणाल्या.

"नाही, बाई. नाही काढणार."

"असं तोंडी नको," त्या म्हणाल्या. "लेखी द्या."